अस्वल, व्याही आणि वाकडी सुई

सुज्ञ वाचकहो! एक अस्वल, माझे होणारे व्याही आणि एक वाकडी सुई या तिघांची एके दिवशी कशी गाठ पडली, याचे सत्य निवेदन मी अत्यंत गांभीर्याने सादर करीत आहे. कृपया मध्येच हसू नये.

मी गाद्या व सोफे भरणारा कारागीर. शिक्षण सातवी, तेही अर्धे; परंतु टाक्याच्या बाबतीत भल्याभल्यांना पाणी पाजीन! आमच्या लेकीचे लग्न जमण्याच्या बेतात होते. मुलाचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक, 'माणसे कशी आहेत' ते पाहण्यास आले. मी छाती फुगवून म्हणालो, "त्यांना शहरातल्या बागा नि प्राण्यांचं संग्रहालय दाखवतो. संध्याकाळी होकार घेऊनच परततो!"

"आधी ती सुई घरी ठेवा," सौभाग्यवती म्हणाली. "मागे दवाखान्यात पेशंट बसलेला असताना त्याची खुर्ची शिवायला घेतलीत!"

"सैनिक कधी तलवार टाकतो काय?" असे बाणेदारपणे उद्गारून मी सुई कॉलरमागे खोचली.

गुलाबांच्या बागेत व्याही म्हणाले, "हं." कमळांच्या तळ्याकाठी म्हणाले, "हं." काचघरातील निवडुंग पाहून "हं हं" म्हणाले, तेव्हा माझ्या हृदयात पिंजलेल्या कापसागत आशा फुगली.

संग्रहालयात मात्र ते प्रत्येक पाटी पेपर तपासल्यासारखी वाचू लागले. लांडग्याच्या पाटीपुढे ते वाकले. त्यांच्या अगदी पाठीशी पेंढा भरलेले अस्वल उभे होते, आणि त्याच्या पोटाची शिवण उसवलेली! पेंढा बाहेर! वाचकहो, लेकरू रडत असता आईने स्वस्थ बसावे काय? मी बसकण मारली आणि सपासप आठ टाके घातले. मेण लावलेला दोरा, दुहेरी गाठ. हत्तीने ओढला तरी तुटणार नाही!

व्याही पुढच्या पाटीकडे निघाले. अस्वलही निघाले!

त्याच्या चौथऱ्याखाली चाके आहेत आणि माझ्या टाक्यांत व्याह्यांच्या कोटाचे टोक आले आहे, या दोन्ही गोष्टी मला एकाच क्षणी उमगल्या.

रखवालदार धावला. "ओ आजोबा! अस्वल कुठे घेऊन चाललात?"

"मी कुठे नेतोय? तेच येतंय मागे!"

"सगळे चोर असंच म्हणतात. चला ऑफिसात!"

व्याही लालबुंद झाले. भोवती ही गर्दी! मनात आले, गप्प राहावे, कोणास कळते? परंतु मी सुई उंच धरली. "थांबा! गुन्हेगार मी आहे. यांचा दोष इतकाच, की हे माझे व्याही होऊ पाहत आहेत!"

अधिकारी बाई आल्या. त्यांनी शिवण ओढून पाहिली. "पोट झकास शिवलंय हो! पण हा दोरा..." दोरा तुटेना. त्यांची कात्री वाकली. अखेर व्याह्यांनी कोट उतरवला आणि तो अस्वलाकडेच राहिला.

घरी सौभाग्यवतीने दार उघडले. "अगंबाई, यांचा कोट?"

"अस्वलाने घातलाय," मी खालमानेने म्हणालो.

तिने आधी माझी कॉलर पाहिली, मग कपाळाला हात लावला.

"हं," व्याही म्हणाले. "गप्प राहून सुटता आलं असतं तुम्हाला. सुटला नाहीत. माणसं बरी आहेत. माझा होकार!"

मी आनंदाने मिठी मारण्यास धावलो.

"तिथेच थांबा! लग्नात माझ्यापासून चार हात लांब बसायचं. आणि विहीणबाई, ती सुई आजच ताब्यात घ्या!"

इथवर वाचण्याचे कष्ट घेतलेत, त्याबद्दल ऋणी आहे. न हसता वाचले असल्यास विशेष ऋणी आहे.

आपला नम्र,
पूर्वीचा गादीवाला, हल्ली गल्लीत 'अस्वलशिंपी'