तीन नंबरची कुंडी

मुलीचा प्रयोग साधा होता. तीन कुंड्यांत टोमॅटोची तीन रोपं. पहिल्या कुंडीला रोज तांब्याभर पाणी, दुसरीला दिवसाआड, तिसरीला अजिबात नाही. महिनाभर नोंदी ठेवायच्या आणि विभागीय विज्ञान प्रदर्शनात मांडायच्या.

तिचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. दिवसभर आजाऱ्यांना औषधं मोजून देणाऱ्या त्या माणसाला मान टाकलेलं रोप बघवेना. पाचव्या दिवशी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि औषधाच्या मापाने पन्नास मिली पाणी तिसऱ्या कुंडीत ओतलं. मग रोजच ओतू लागले. एवढ्याशा पाण्याने काय होतंय, अशी मनाची समजूत घालून.

प्रदर्शनात तिन्ही कुंड्या शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा त्यांना आपली करणी उघडी पडलेली दिसली. पहिलं रोप मुळाशी कुजून आडवं झालं होतं, दुसरं जेमतेम तग धरून होतं आणि ‘पाणी नाही’ अशी चिठ्ठी लावलेलं तिसरं फुलावर आलं होतं.

परीक्षक बाईंनी चष्मा सावरला. “म्हणजे झाडांना पाणी घालूच नये म्हणतेस?”

मुलगी तोंड उघडायच्या आत वडील पुढे सरसावले. “बाई, चूक माझी आहे. रोज गुपचूप मीच पाणी घालत होतो. तिला यातलं काही माहीत नाही. तिचे मार्क कापू नका.”

शेजारच्या टेबलावरचे पालक खुसखुसले. कंपाउंडरांचे कान तापले. मुलीने मात्र शांतपणे वही उघडून बाईंपुढे धरली.

बाई मोठ्याने वाचू लागल्या. “‘पाचव्या दिवसापासून तिसऱ्या कुंडीचं वजन रोज संध्याकाळी पन्नास ग्रॅमने वाढतं. वेळ सात ते साडेसात. त्या वेळी गॅलरीत फक्त बाबा असतात.’” बाईंना हसू आवरेना. “तू रोज वजन करायचीस?”

“दोनदा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर. थोडं पण नेमाने पाणी सगळ्यात चांगलं, असा निष्कर्ष काढलाय. शेवटच्या पानावर आहे.”

दुसरा क्रमांक मिळाला. कुंडी छातीशी धरून बाहेर पडताना कंपाउंडरांनी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला.

“अगं, माहीत होतं तर मला बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर तुम्ही माप बदललं असतं.”