ग्रहणातला सतरा नंबर

दिवाळीच्या सुट्टीत फियाटचा खडखडणारा सायलेन्सर घरीच बसवायचा असं बुद्धभूषणनं ठरवलं, तेव्हा त्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. किंबहुना म्हणूनच त्यानं तो मुहूर्त धरला. पंच्याण्णव साल होतं. अख्खं कोल्हापूर दारंखिडक्या लावून बसणार, आणि कळंब्याच्या गल्लीत एक सरकारी कारकून विज्ञानाच्या बाजूनं उघड्यावर पाना फिरवणार! (विज्ञानानं त्याला तसं काही सांगितलं नव्हतं.)

"भूषण, आत ये," आई तानूबाई दारातनं ओरडली.

"आये, आपण धर्म बदललाय."

"धर्म बदललाय रं. ग्रहण कुठं बदललंय?"

खरं तर बुद्धभूषणचा जीव गाडीपेक्षा हत्यारांवर जास्त. जयसिंगपूरचा ज्ञानू मिस्त्री वारला, तेव्हा त्याच्या बायकोकडनं ही पत्र्याची पेटी यानं उचलली होती. पान्यांच्या दांड्यांना ज्ञानूच्या अंगठ्यानं खळगे पडलेले. पेटी उघडली की विडीचा वास यायचा. दर रविवारी तो एकेक पाना रॉकेलनं पुसून फडक्यावर मांडायचा. (बायकोचं, म्हणजे प्रीतीचं, म्हणणं असं की इतक्या मायेनं त्यानं पोरांची नाकंसुद्धा कधी पुसली नाहीत.) सेटमध्ये सतरा नंबर तेवढा नव्हता. सोळानंतर एकदम अठरा.

शेजारच्या अण्णा मास्तरांच्या कंपाउंडला गाडी खेटून उभी होती. भिंतीचा तो कोपरा पावसाळ्यात ढासळलेला. तिथं पेटी ठेवून, तिकडंच डोकं करून बुद्धभूषण गाडीखाली सरकला.

थोड्या वेळानं ऊन पातळ झालं, पाणी घातलेल्या दुधासारखं. लिंबाखालचे गोल कवडसे हळूहळू वाकत गेले आणि सगळं अंगण खुरप्यांच्या पात्यांनी भरल्यासारखं दिसू लागलं. कावळे गप्प झाले. दिवाळीचा एक फटाका वाजेना. गार वारा सुटला आणि कुठलंतरी दार आपसूक करकरलं.

"मस्त गार झालं," बुद्धभूषण मोठ्यानं म्हणाला. (भीती वाटत नसली की माणूस असा मोठ्यानं बोलतो.) मग सवयीनं त्यानं हात बाहेर काढला. "प्रीती, बारा दे."

तळहातावर पाना आला. बघतो तर तेरा. चिडून त्यानं लावून पाहिला, तर नेमका बसला.

"दहा दे."

चौदा आला. तोही नेमका बसला.

"तुला ह्यातलं कळतंय की गं!" तो खूश होऊन म्हणाला.

"अहो, चहा टाकू का?" प्रीतीचा आवाज आला. स्वयंपाकघरातनं. लांबनं.

बुद्धभूषणनं मान वळवली. गाडीच्या चारी बाजूंना कुणाचेच पाय नव्हते. जमिनीवर नुसती वाकडी पाती हलत होती. आणि विडीचा वास येत होता.

पण विज्ञान म्हणतं, प्रयोग करा. त्यानं हात बाहेर काढला आणि पेटीत नसलेलंच मागितलं.

"स... सतरा."

काहीच झालं नाही. त्याला धीर आला. "सतरा! सतरा दे म्हणतोय न्हवं!"

एक ओला, बर्फासारखा गार हात त्याच्या हाताला लागला आणि तळव्यावर पाना ठेवून गेला. दांडीवर आकडा होता, सतरा.

पुढचं बुद्धभूषणला नीट आठवत नाही. त्याचं कपाळ सायलेन्सरवर आपटलं आणि काळं तोंड घेऊन तो घरात शिरला, एवढं प्रीतीनं पाहिलं. तो आईच्या पाठीमागं गोधडी पांघरून बसला आणि म्हणाला, "आये, कडी लाव."

ग्रहण सुटल्यावर कडी वाजली. दारात अण्णा मास्तर, कोरडं धोतर नेसलेले.

"माझा सतराचा पाना द्या."

"तुमचा?"

"मग कुणाचा? ग्रहणाचं स्नान करून ओल्या पंच्यानं जपाला बसलो होतो, आणि तुमचं आपलं सतरा, सतरा! जपात बोलता येत नाही. भिंतीच्या भगदाडातनं हात घातला आणि दिला आमच्या स्कूटरचा."

बुद्धभूषण गोधडीतनं बाहेर आला आणि हसत सुटला. मग छाती काढून आईला म्हणाला, "बघितलंस? प्रत्येक गोष्टीला कारण असतंय! आणि अण्णा, त्याआधीचं दोन बी अगदी नेमकं दिलं हो तुम्ही. मी दहा मागतोय, तुम्ही चौदा देताय!"

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. "आधीचे कुठले? मी एकच दिला. त्याआधी मी न्हाणीत होतो."

अण्णांनी आपला पाना घेतला आणि जरा घाईनंच घर गाठलं.

बाहेर अंगणातनं खळ्ळकन आवाज आला, पेटीत पाना टाकल्यासारखा. पाठोपाठ कुणीतरी खोकलं.

बुद्धभूषण पुन्हा गोधडीत गेला. तानूबाई मात्र उठली, दार किलकिलं करून तिनं बराच वेळ गाडीकडं बघितलं आणि शांतपणे लावून घेतलं.

"कोन का असंना," ती म्हणाली, "त्येला कामातलं कळतंय. तू आता मधी जाऊ नगंस."