पुठ्ठ्याचा हवालदार

माणूस मरणाला भीत नाही, दंडाच्या पावतीला भितो. याच सत्यावर वाहतूक खातं उभं आहे. (बसलेलं आहे, म्हटलं तर जास्त बरोबर होईल.)

शाळेसमोरच्या रस्त्यावर गाड्या ताशी अठ्ठावन्न किलोमीटरनं पळतात, असं मोजणीत निघालं. फलक तीसचा होता. खात्यानं तातडीनं, म्हणजे दोनच वर्षांत, दखल घेऊन जनजागृती सप्ताह काढला. बारा गाड्यांची फेरी निघाली. तिला उद्घाटनाला उशीर होत होता, म्हणून ती शाळेसमोरून ऐंशीनं गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

खात्यातल्या एका हवालदाराची मुलगी त्याच शाळेत दुसरीत होती. घर रस्त्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. रोज सकाळी पोरगी घराबाहेर पडली की त्याच्या बायकोचा जीव टांगणीला लागे. त्याचाही लागे, पण वर्दीतल्या माणसानं तसं दाखवायचं नसतं. शेवटी धीर करून तो साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, सकाळी अर्धा तास मलाच तिथं उभं करा."

"माणसं कुठायत रे? सगळी जनजागृतीत अडकलीत," साहेब म्हणाले. "पण तुझा चेहरा बरा आहे. एक फोटो दे."

अशा रीतीनं हवालदार पुठ्ठ्याचा झाला आणि शाळेच्या फाटकापाशी रुजू झाला. उंची पावणेसहा फूट, एक हात वर, चेहऱ्यावर स्मित. (खऱ्या हवालदाराला स्मित मंजूर नाही.) पुठ्ठा रजा मागत नाही, चहाला जात नाही, बदलीसाठी कुणाचे पाय धरत नाही. खात्याला इतका गुणी कर्मचारी पूर्वी लाभला नव्हता.

पहिल्या दिवशी वेग अठ्ठावीसवर आला. तिसऱ्या दिवशी एकेचाळीस. सहाव्या दिवसापर्यंत सगळ्यांनी पुठ्ठा ओळखला होता आणि वेग चौसष्टवर गेला. अहवालात फक्त पहिला दिवस घेतला, कारण बाकीचे दिवस प्रातिनिधिक नव्हते.

पोरगी मात्र खूश होती. "बाबा, तिथं तुम्ही रोज माझ्याकडे बघून हसता," ती जेवताना म्हणाली. "मग मी पण हात वर करते आणि सरळ चालत सुटते. भीतीच नाही वाटत."

हवालदार ताटावरून उठला आणि वर्दीला इस्त्री करायला बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं अर्धी रजा टाकली, वर्दी चढवली, पुठ्ठा उचलून भिंतीला टेकवला आणि त्याच्या जागी स्वतः उभा राहिला, एक हात वर करून. समोरून पोरगी आली. बाबा दिसताच तिनं हात वर केला आणि फुटपाथवरून खाली पाय टाकला. तेवढ्यात वळणावरून एक पांढरी गाडी आली. हवालदार शिट्टी फुंकत रस्त्यात धावला. गाडीचा आरसा त्याच्या कोपरावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज झाला.

गाडीवाला पुढे जाऊन थांबला आणि तणतणत खाली उतरला. "अहो, हललात कशाला? रोज नुसते उभे असता ना! आम्ही त्या भरवशावर येतो!"

जमलेल्या लोकांना हे पटलं. हवालदाराला मेमो मिळाला. त्यात तीन आरोप होते: शासकीय पुठ्ठा विनापरवाना हलवणे, हुकूम नसताना हजर राहणे आणि वाहनचालकांचा विश्वासघात करणे. गाडीवाल्याला पुढच्या सप्ताहात गुलाबाचं फूल मिळालं, कारण काही झालं तरी तो थांबला होता. पुठ्ठा पुन्हा जागेवर आला. त्याच्या गळ्यात आता पाटी आहे: 'हा हवालदार हलत नाही, याची नोंद घ्यावी.'

ती पांढरी गाडी तुमची नव्हती, कबूल. तुम्ही आपले ही गोष्ट वाचत होतात, पुढे काय गंमत आहे ते बघायला जरा भरधावच. कोपर मोडलं, मेमो आला, फूल मिळालं, सगळं तुमच्या ध्यानात आहे. फुटपाथवरून खाली उतरलेली ती पोरगी पलीकडे पोचली का, हे विचारायला मात्र तुम्हीही थांबला नाहीत.