पहिल्या गाडीचे शिरसाठ

शिरसाठकाका दुसऱ्याचं तान्हं मूल उभ्यानं कधीच घेत नाहीत. माझ्या मुलीच्या बारशाला मी त्यांच्या हातात बाळ द्यायला गेलो, तर त्यांनी आधी भर हॉलमध्ये मांडी ठोकली, एक उशी मागून घेतली, ती मांडीवर ठेवली आणि मगच हात पुढे केले. पाहुण्यांना वाटलं, म्हाताऱ्याचे गुडघे गेले असतील. काकांनी लगेच खुलासा केला.

"गुडघे ठणठणीत आहेत. पण आत्ता, या क्षणी मी उचललो गेलो, तर पोर पडायला नको."

माझ्या आईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमाला कोन उचलनार? चांगलं भरलेलं मानूस हाय!"

"प्रभू," काका म्हणाले, आणि बाळाला खेळवू लागले.

नवीन पनवेलात सोसायट्यांना काय तोटा? कुणाकडे पोहण्याचा तलाव आहे, कुणाकडे दाराशी कारंजं. आमच्या भातखाचरावर उभ्या राहिलेल्या या बिल्डिंगीत लिफ्टसुद्धा लहर लागली तर चालते. पण आमच्याकडे शिरसाठ आहेत, आणि त्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

याकोब शिरसाठ मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. एसटीत कंडक्टर म्हणून पनवेल डेपोत आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, आणि पहिल्याच दिवशी मला घरात नेऊन गॅसचा कॉक कुठे, पाण्याचा मेन नळ कुठे, मांजराची वाटी कुठे हे सगळं दाखवलं. मांजराचं नाव लोटची बायको, कारण बायबलातल्या त्या बाईसारखी ती चालताना सारखी मागे वळून बघते. मी म्हटलं, गावाला चाललात का? तर म्हणाले, "गावाला नाही. वर."

त्यांची श्रद्धा अशी, की जगाच्या शेवटी एक महासंकट येणार आहे आणि त्याच्या आधीच प्रभू आपल्या माणसांना, म्हणजे मंडळीला, डोळ्याचं पातं लवायच्या आत वर उचलून घेणार आहे. असं मानणारे पुष्कळ आहेत. पण ते मानतात आणि कामाला लागतात. काका मात्र मागे राहणाऱ्यांची सोय बघतात. कुकर लावून कधी खाली उतरत नाहीत. स्कूटरवर मागे कुणाला घेत नाहीत. कुठलाही वायदा करताना एक वाक्य आधी जोडतात: "उचललो गेलो नाही तर." उचललो गेलो नाही तर उद्या दूध मी आणतो. उचललो गेलो नाही तर रविवारी सोसायटीच्या मीटिंगला येतो. आमच्या सेक्रेटरीनं एकदा वैतागून विचारलं, "आणि उचलले गेलात तर?" तेव्हा काकांनी शांतपणे सांगितलं, "माझं मत शेजाऱ्यांना विचारा. मी त्यांना सांगून ठेवलंय."

तरुणपणी ड्रायव्हरच्या भरतीत त्यांची निवड झाली होती. पगार चांगला, हात सफाईदार. ती नोकरी त्यांनी सोडली आणि कंडक्टर झाले. "पळस्प्याच्या वळणावर मला वर घेतलं असतं, तर मागे बसलेल्या लोकांचं काय? त्यात बाया असतात, पोरं असतात, करंज्याहून मासळीच्या पाट्या घेऊन आलेल्या कोळणी असतात. कंडक्टर गेला तर काय होतं? फार तर चार माणसं फुकट जातील." हे सांगताना त्यांची मान अशी ताठ असते, की आपणही नकळत नीट बसतो.

हा एवढा पक्का माणूस घरात मात्र रोज अडवला जायचा. कारण घरात रूथकाकू.

रूथकाकू चर्चच्या पाळकाची मुलगी आणि शाळेत शिक्षिका. शास्त्र पाठ, आवाज खणखणीत. त्यांचं म्हणणं, कोणी आधीबिधी सुटत नाही. मंडळीला महासंकटातून जावंच लागणार, आणि प्रभू येणार तो शेवटी, एकदाच. तेव्हा धीर धरा आणि तांदूळ भरून ठेवा. त्यांनी खरंच भरून ठेवले होते. कडुलिंबाचा पाला घालून तांदळाचं पिंप, नेऱ्याहून आणलेले वाल, करंज्याची सुकट, मिठाची बरणी. एका स्वयंपाकघरात दोन श्रद्धा नांदत होत्या. काकांनी सगळं बंद कसं करायचं ते शेजाऱ्याला शिकवून ठेवलेलं, आणि काकूंनी सगळं चालू कसं ठेवायचं त्याची बेगमी केलेली.

दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे प्रार्थनासभा असायची. प्रार्थना व्हायची, चहा व्हायचा, मग वाद. मी हिंदू माणूस, पण चहापासून पुढे हजर. एवढा रंगतदार कार्यक्रम पनवेलात दुसरा नव्हता.

"येशू दोन खेपांत येतो," काका सुरू करायचे. एसटी त्यांच्या रक्तात होती. "पहिली गाडी विनाथांबा. आपल्याला घेते आणि थेट वर. ज्यांची ती चुकली, त्यांना महासंकट. दुसरी गाडी त्यानंतर."

"दोन गाड्या कुणी सोडल्या?" काकू आतून चहाचे कप आणता आणता म्हणायच्या. "एकच आहे. शेवटची. तोपर्यंत स्टँडवर उन्हात उभं राहायचं. आणि तुमची एसटी कधी वेळेवर आली होती हो?"

मंडळीचे तरुण पाळक मऊ आवाजात म्हणायचे, "खरं म्हणजे प्रभू येऊन हजार वर्षं राज्य करणार वगैरे सगळं रूपकात्मक आहे. प्रभूचं राज्य चालूच आहे. आपण गाडीत बसलेलोच आहोत."

यावर मात्र नवरा-बायको एक व्हायचे. "बसलेलोच आहोत? मग इतके धक्के का बसतात?" काका विचारायचे, आणि काकू पाळकांच्या बशीतलं बिस्किट उचलून परत डब्यात ठेवायच्या.

आमचे नाक्यावरचे किराणावाले कोकणी मुसलमान. काकूंचे तांदूळ पोचवायला आले की दारातूनच म्हणायचे, "काका, ईसा अलैहिस्सलाम, म्हंजे तुमचा येशू, परत येनार हे तर आमी पन मानतो."

"येणार यात वाद कुठाय?" काका म्हणायचे. "वाद वेळापत्रकाचा आहे."

लॉकडाऊनमध्ये दुकानांसमोर रांगा लागल्या, तेव्हा काकूंचं पिंप उघडलं. बिल्डिंगीतल्या प्रत्येक घरी वाल-भात गेला, ज्यांना चालतं त्यांच्याकडे सुकट गेली. वाटायला कोण? शिरसाठकाका. तोंडाला रुमाल बांधून जिना चढायचे, दार वाजवायचे आणि सांगायचे, "हे महासंकट नव्हे. गैरसमज नको. ही नुसती वेदनांची सुरुवात आहे. पण तांदूळ घ्या." बायकोच्या तांदळावर जगत तिच्याच मताचा पराभव करत होते बिचारे.

गेल्या वर्षी काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता फक्त मनानं उभारी धरायला हवी. ती काही धरली जाईना. घरी आल्यापासून काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. पेज दोन चमचे घ्यायच्या आणि पुरे म्हणायच्या. बुधवारच्या सभेत आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलेलं असे, पण आतून शब्द येत नसे. वाद करायला समोर कोणी नाही म्हटल्यावर काकांनाही बोलणं सुचेना. चहा पिऊन माणसं लवकर घरी जाऊ लागली.

एका दुपारी आमची बेल वाजली. दारात काका, अनवाणी.

"ती हो म्हणाली," ते म्हणाले.

"कशाला?"

"मी पेज भरवत होतो. म्हटलं जरा डिवचावं. म्हटलं, रूथ, मंडळी संकटाआधीच उचलली जाणार बरं का. तर म्हणाली, असेल हो. तुमचंच खरं."

मी आपला मूर्खासारखा म्हणालो, "अरे वा! काका, जिंकलात की!"

काका मटकन सोफ्यावर बसले. इतकी वर्षं मी त्यांना पाहतोय, पण त्यांच्या डोळ्यांत भीती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. "जिंकलो कसला. लग्न झाल्यापासून ती एकदा हो म्हणाली नव्हती. तिनं निघायचं आवरायला घेतलंय."

आई स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आली आणि त्यांच्याजवळ उभी राहिली.

पुढच्या बुधवारी काकांनी मला आग्रहानं सुरुवातीपासून बोलावलं. खोली भरलेली होती. आतलं दार सताड उघडं, आणि दारातून काकूंची पाठ दिसत होती. काका शास्त्राभ्यासाला उभे राहिले. आवाज नेहमीपेक्षा बराच मोठा.

"दानीएल संदेष्टा," ते म्हणाले, "पात्म बेटावर असताना त्याला शेवटच्या काळाचं दर्शन झालं."

खोलीत चुळबुळ झाली. पात्म बेटावर योहान होता. इतके बुधवार चहा प्यायल्यावर एवढं मलाही ठाऊक होतं. काका आणि अशी चूक? पाळकांनी हळूच तोंड उघडलं. काकांनी गाडी थांबवल्यासारखा हात दाखवून त्यांना गप्प केलं.

आतून काही आवाज नाही.

"आणि त्याच्यासोबत," काकांच्या कपाळावर घाम आला होता, "त्या बेटावर त्याचा भाऊ होता. नोहा."

मागच्या बाई शेजारणीच्या कानात कुजबुजल्या, "म्हातारा भ्रमला." पाळकांनी खाली बघितलं. ज्या माणसाला अध्याय आणि ओळ विचारायला लोक वाशीहून फोन करत, तो सगळ्यांसमोर आपल्या हातानं आपली इज्जत उतरवत होता. मला कळलं, आणि मी आतल्या दाराकडे बघू लागलो.

"तर मग नोहा दानीएलाला म्हणाला..."

"योहान!"

आवाज चिरका होता, पण आला. आत पलंग करकरला. "पात्म बेटावर योहान होता, योहान! आणि जलप्रलयातला नोहा कुणाचा भाऊ? लाज नाही वाटत, लोकांना बोलावून असलं काही शिकवायला?" भिंत धरत, केस विस्कटलेल्या, अंगावर शाल घेतलेल्या रूथकाकू दारात उभ्या राहिल्या. "माझा चष्मा द्या इकडे. आणि तुम्ही खाली बसा."

काका विनातिकीट सापडलेल्या प्रवाशासारखे मान खाली घालून बसले. काकूंनी खुर्ची मागितली, बायबल मांडीवर घेतलं आणि प्रकटीकरणाचा पहिला अध्याय काढला. दम लागत होता. थांबत होत्या, पुन्हा बोलत होत्या. मधेच कुणीतरी पेजेची वाटी हातात दिली, ती वाद घालता घालता कधी संपली ते त्यांनाही कळलं नाही.

काकांचं डोकं आता पूर्वीसारखं राहिलं नाही, असं मंडळीतले बरेच जण अजून मानतात. हल्ली त्यांना कोणी अध्याय विचारत नाही, काकूंना विचारतात. मला ते सहन होईना. एकदा गॅलरीत काकांना म्हटलं, "मी सांगून टाकतो सगळ्यांना. तुम्ही मुद्दाम केलंत ते."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "खबरदार. तिच्या कानावर गेलं, तर तिला माझी दया येईल. आणि दया आली की परत हो म्हणेल."

आत काकू फोनवर कुणाला तरी पहिली गाडी कशी खोटी आहे ते तावातावानं समजावत होत्या. काकांनी कान दाराकडे लावला. पोटचं पोर बोर्डात पहिलं यावं, तसा त्यांचा चेहरा फुलला होता.

"ऐका, ऐका," मला कोपरानं ढोसत ते म्हणाले. "माझा एक मुद्दा शिल्लक ठेवत नाहीये!"