पक्क्या रंगाचे बाण

शाळेच्या त्या मीटिंगमध्ये मी हात वर केला तो पंखा कमी करा हे सांगायला. नेमकं त्याच वेळी मोठ्या सिस्टरांनी (म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी) विचारलं होतं की व्हरांड्यात बाण कोण काढणार. झालं. "टीचरचे मिस्टर काढतील," असं म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला, आणि पंखा होता तसाच माझ्या टकलावर गरगरत राहिला.

मला तेव्हा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. आमच्या कॅथलिक प्राथमिक शाळेत मी क्लार्क आहे. पहिलीला शिकवणारी आमची ही माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी इथे नोकरीला लागली. (तिच्या मुलाखतीच्या दिवशी तिला चहा मीच नेऊन दिला होता. पुढे आमचं लग्न जमलं ते त्या चहामुळे, असं मी समजतो. ती तसं समजत नाही.) तरीसुद्धा शिपायापासून फादरांपर्यंत सगळ्यांसाठी मी फक्त 'टीचरचे मिस्टर'. बाणांचं काम मिस्टरांकडे गेलं, म्हणजे ते घरी गेलं, आणि घरी गेलं म्हणजे त्यावर भांडण होणार हे ठरलेलंच होतं.

लॉकडाऊन उठला होता आणि पोरं शाळेत परत यायची होती. ती समोरासमोर येऊ नयेत म्हणून सगळ्यांनी एकाच दिशेने चालायचं, आणि ती दिशा जमिनीवर बाणांनी दाखवायची, असं वरून आलं होतं. वरून म्हणजे सरकारकडून. (देव असल्या भानगडीत पडत नाही.)

आता मला ही शाळा उघडायला हवी होती, आणि त्यामागे माझा स्वार्थ होता. दीड वर्ष आमचं जेवणाचं टेबल म्हणजे पहिलीचा वर्ग होता. त्यावर फोनचा स्टँड, मणी, पुठ्ठ्याची फळं, सिंहाचा मुखवटा. मी दीड वर्ष ओट्यापाशी उभा राहून जेवलो. ताटात आमटी वाढून घेतली की ती सांडू नये म्हणून श्वास रोखून जेवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर आमच्याकडे यायला हवं होतं.

रंगाचं मी घरी बोललो तेव्हा ही मण्यांच्या माळा सोडवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आधी खडूने काढा. चुकले तर पुसता येतील."

बाण काढण्यात चुकण्यासारखं काय असतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते तुम्ही काढल्यावर कळेल. आता अशा बोलण्यावर कुठला नवरा खडू हातात घेईल? माळ्यावर खिडक्यांच्या गजांना लावून उरलेला लाल ऑइलपेंटचा डबा होता. मी तो काढला, झाकण उघडलं, चांगला ढवळला आणि मनात म्हटलं, आता बघच.

आमची शाळा म्हणजे मधे चौक आणि चारही बाजूंनी व्हरांडा. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला पहिलाच वर्ग पहिलीचा. उजव्या हाताला माझं ऑफिस, मग बाकीचे वर्ग, मग चॅपल. आणि गेटच्या बरोब्बर समोर, चौकाच्या पलीकडे, मागच्या अंगाला संडास. एवढं लक्षात ठेवा, कारण मी ते ठेवलं नाही.

पहिल्या दिवशी मी गेटपासून उजवीकडे निघालो. पुठ्ठ्यात बाण कापून घेतला होता. पुठ्ठा ठेवायचा, रंग मारायचा, पुढे सरकायचं. बाणाचं टोक आपण जातो त्या दिशेला, इतकं साधं गणित. संध्याकाळपर्यंत संडासाशी पोचलो आणि कंबर धरून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी डावी बाजू राहिली होती. ही पहिलीच्या वर्गात भिंतीला चित्रं चिकटवत होती आणि तिच्याकडे थर्मासमध्ये चहा होता, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. पुन्हा तेच: पुठ्ठा, रंग, पुढे. टोक आपण जातो त्या दिशेला. छोट्या सिस्टर खुर्ची टाकून माझं काम बघत बसल्या होत्या. (त्या शाळेतल्या सगळ्यात वयस्कर. छोट्या म्हणतात ते उंचीमुळे.) त्या म्हणाल्या, रंग फार छान लाल आहे. दिशेबद्दल काही बोलल्या नाहीत, आणि तो राग मी पुढे त्यांच्या वयाकडे बघून गिळला.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी फादर सगळ्या वर्गांना आशीर्वाद द्यायला येणार होते. सगळा स्टाफ गेटपाशी जमला. मोठ्या सिस्टरांनी तिथेच जाहीर केलं की आजपासूनच सवय करायची, बाण सोडून कोणी चालायचं नाही, त्यांनी स्वतः नाही आणि फादरांनीही नाही. ही मात्र तिच्या वर्गात होती. शेवटची पताका लावून दारात उभी राहणार होती. फादर पवित्र पाण्याचं भांडं घेऊन आले, बाण बघितले, मान डोलावली आणि निघाले. मागे मोठ्या सिस्टर, त्यांच्यामागे सगळा स्टाफ, अंतर ठेवून. मी छाती काढून चालत होतो.

ऑफिसवर पाणी शिंपडून झालं. वर्ग झाले, चॅपलसमोर थांबून प्रार्थना झाली, आणि मिरवणूक संडासाशी आली. तिथे फादर थांबले, कारण समोरून बाण येत होते. पाठीमागचे लाल बाण त्यांना पुढे चला म्हणत होते आणि समोरचे लाल बाण थेट त्यांच्या पोटावर चालून येत होते. मध्ये एक दार 'मुले' आणि एक दार 'मुली'.

माझ्या लक्षात आलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिथून पुढे जायला जागाच नसल्यामुळे तिथेच राहिली. मी शाळेला येण्याचे दोन रस्ते दिले होते, आणि दोन्ही संडासात जात होते. बाहेर पडायचा बाण एकही नव्हता. पहिलीच्या वर्गातून बाण फक्त निघत होते. त्या वर्गात शिरायला परवानगीच नव्हती.

फादरांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी 'मुले'वर पाणी शिंपडलं. मग 'मुली'वर. मग सिस्टरांकडे बघितलं. आता सिस्टरांनी स्वतःच नियम केला होता, तो सगळ्यांसमोर मोडायचा कसा, म्हणून त्या चॅपलकडे बघत उभ्या राहिल्या. फादरांनी पुन्हा एकदा 'मुले'वर पाणी शिंपडलं. मागून छोट्या सिस्टरांनी अगदी मनापासून विचारलं, "फादर, आता इथेच राहायचं का?"

फादर मुळात तापट, त्यात गुडघे दुखरे. ते म्हणाले की एवढी वर्षं मी लोकांना वाट दाखवतो आणि तुमच्या शाळेने मला इथे आणून सोडलं. मग त्यांनी विचारलं, हे कोणी काढलंय? सगळा स्टाफ माझ्याकडे वळला. अंतर ठेवून, पण वळला.

तेवढ्यात चौकापलीकडून ही आली. सरळ, चौकाच्या मधून, एकही बाण न बघता. तिने मास्क लावलेला होता, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर डोळे पुरतात. फादरांसमोर उभी राहून ती म्हणाली, "फादर, माझ्या वर्गात चला. हे बाण माझ्या नवऱ्याने काढलेत, देवाने नाही."

फादर गेले. सगळे गेले. मोठ्या सिस्टर तेवढ्या माझ्यापाशी थांबल्या. सिस्टर रागावल्या की त्यांचा आवाज कमी कमी होत जातो, आणि त्या दिवशी तो मला जवळजवळ ऐकूच आला नाही. डाव्या बाजूचे सगळे बाण उद्या मुलं यायच्या आत गेले पाहिजेत, एवढं मात्र कळलं. टर्पेंटाइन वापरायचं नाही, मुलांना वास सोसणार नाही, हेही कळलं.

घरी ही बोलेना. भांडी अशी घासत होती की मला वाटलं माझी पाळी येणार. शेवटी मीच म्हटलं, चुकलं, उद्या खरवडतो. तेव्हा ती वळली.

"तुम्हाला वाटतंय मी बाणांवर चिडलेय. आईबापांनी सांगितलंय, पोर गेटवर रडलं तर परत नेणार आणि घरूनच शिकवणार. त्यातलं एकसुद्धा पोर कधी शाळेत आलेलं नाही. मी त्यांना फोनवर मानेपर्यंत बघितलंय फक्त. कोण किती उंच आहे तेसुद्धा मला माहीत नाही. आणि त्यांच्या वाटेत तुम्ही तो रंग फासून ठेवलात."

मला माझा राग आला, त्या डब्याचा आला, ज्याने बाणांची कल्पना काढली त्याचा तर फारच आला. टेबलावर फोनचा स्टँड अजून तसाच उभा होता. पोरं परत गेली तर तो तिथेच राहणार होता, आणि ही त्याच्यासमोर बसून पुन्हा एकटीच टाळ्या वाजवत गाणी म्हणणार होती. आमटीचं राहू द्या, ते मला बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी शाळेत. पहिल्या दिवसासाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो काढून ऑफिसच्या दाराला अडकवला आणि लोखंडी पत्ती घेऊन खाली वाकलो. पक्का रंग म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. खिडक्यांच्या गजांवरून तो एका पावसाळ्यात सुटला होता. फरशीवरून सुटेना. मागच्या अंगापासून खरवडत खरवडत मी गेटजवळच्या शेवटच्या बाणांपाशी आलो आणि तेवढ्यात पोरं यायला लागली.

तोंडाला मास्क, पाठीवर त्यांच्याहून मोठी दप्तरं. कोणी आईला धरलेलं, कोणी बापाच्या पँटमध्ये तोंड खुपसलेलं. ही दारात उभी राहून एकेकाला नावाने हाक मारत होती. कोणी हलेना. एक वेणीवाली पोरगी ठाम आवाजात म्हणाली, "ही आमची टीचर नाही." दुसऱ्याने खुलासा केला की आमची टीचर फोनमध्ये असते आणि तिला तोंड असतं. मग एकाने सूर लावला आणि बाकीच्यांनी तो उचलला. एक बाप पोराला कडेवर घेऊन वळलासुद्धा.

मी हिच्या डोळ्यांकडे बघितलं. एरवी तिथे राग असतो आणि राग मला चालतो, मी त्याला सरावलोय. त्या वेळी तिथे राग नव्हता. मला ते सोसवेना. मी गेटकडे पाठ केली, मान खाली घातली आणि सगळा संताप त्या बाणावर काढत फरशी खरवडायला लागलो.

पाठीमागे रडणं एकदम थांबलं. "आई," वेणीवाली म्हणाली, "ते बघ टीचरच्या घरातले काका."

त्याचं असं आहे. ओट्याकडे जायला आमच्याकडे एकच वाट, ती हिच्या खुर्चीमागून. तोंड फोनमध्ये येऊ नये म्हणून मी दीड वर्ष तिथून वाकून जात होतो. मी दिसत नाही, अशी माझी समजूत होती. तोंड दिसत नव्हतं हे खरं. बनियन आणि वाकल्यावर माणसाचा जो भाग सगळ्यात वर राहतो तो, एवढं पहिलीच्या पूर्ण वर्गाने रोज बघितलं होतं.

"हो, तेच," दुसरा म्हणाला. "ते असेच जातात. मग टीचर त्यांना ओरडते."

ही ऐकत होती. पण तिला तेवढ्यात मी दिसलो, शाळेच्या व्हरांड्यात, पालकांसमोर, बनियनवर. दीड वर्षाच्या सवयीने तिच्या तोंडून आपोआप निघालं, "अहो, तुम्हाला किती वेळा सांगितलं, शर्ट घाला."

तो आवाज ऐकल्यावर पोरांना कसलीच शंका राहिली नाही. ती सगळी हिच्याकडे धावली. बापाच्या कडेवरचं पोरही लाथा झाडून उतरलं. हिने दोन्ही हात पुढे केले, मग अंतराचा नियम आठवून मागे घेतले, आणि एकेकाच्या डोक्याच्या उंचीवर हवेतच तळहात धरून बघत राहिली. रडत होती. माझ्याकडे बघून मात्र तिने पुन्हा शर्टाची खूण केली.

मी ऑफिसकडे निघालो तर समोर मोठ्या सिस्टर. कॅथलिक शाळेत, चॅपलमधून दिसेल अशा जागी, बनियनवर उभा असलेला क्लार्क त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितला. मग पहिलीच्या दाराकडे बघितलं. त्यांचा आवाज बारीक व्हायची मी वाट बघत होतो, पण तो नेहमीसारखाच होता.

त्या म्हणाल्या, नियमाप्रमाणे आज निम्मीच मुलं आली आहेत, उरलेली उद्या येतील. "तुम्ही उद्याही सकाळी इथेच गेटपाशी असेच वाकून उभे राहा. आणि टीचरचे मिस्टर, तोंड भिंतीकडे ठेवा. त्यावरून तुम्हाला कोणी ओळखत नाही."