सामन्याआधीचा अबोला

सोमवारी सकाळी फोन वाजला तेव्हा वर्लीन ओव्हनमधून मक्याचा पाव काढत होती. फोनवर धाकट्या बहिणीचं, जोनेलचं नाव दिसलं आणि तिनं हात असा मागे घेतला, की जणू ट्रेपेक्षा फोनच जास्त तापलाय.

"उचल की," तिचा नवरा हॉइट म्हणाला.

"आठवडा कुठला चाललाय?"

"अगं, काही काम असेल तिचं."

"काम नाही, कावा आहे."

शनिवारी हार्डविक कॉलेजचा ओकमंडशी फुटबॉलचा सामना होता. हार्डविकची ती 'खेचरं', ओकमंडचे ते 'बगळे'. मध्ये एक नदी, आणि दोन्ही काठांवर पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर. वर्लीननं हार्डविकच्या वर्गाची पायरीसुद्धा कधी चढलेली नव्हती, पण ती जन्मानं खेचर होती. जोनेलही होती, पण ती लग्न करून बगळ्यांच्या घरात गेली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सामन्याच्या आठवड्यात दोघी बहिणी फोनवर भरपूर बोलल्या, आणि शनिवारी खेचरं अगदी शेवटच्या क्षणी हरली. पुढच्या वर्षी जोनेलचा घसा बसला होता, बोलणं झालंच नाही, आणि खेचरं जिंकली. वर्लीनला एवढा पुरावा पुरला. तेव्हापासून सामन्याच्या आठवड्यात अबोला. तोंडावर बोलायचं नाही, फोनवर बोलायचं नाही, आणि दुसरीच्या कानावर जाईल असं तिसऱ्या कुणाशीही बोलायचं नाही. त्यानंतरही खेचरं पुष्कळदा हरली, नाही असं नाही. पण दर वेळी शोधलं की वर्लीनला काहीतरी सापडायचंच. एकदा तर चर्चच्या दारात ती शिंकली होती आणि जोनेलनं "देव भलं करो" म्हटलं होतं.

यंदा खेचरं एकही सामना हरलेली नव्हती. गावात पाद्रीबाबांच्या टायपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सगळं खेचरांच्या किरमिजी रंगाचं झालं होतं. अशा वर्षी वर्लीन जोखीम घेणार होती थोडीच!

जोनेलनं निरोप बोलून ठेवला होता. "ऐक तरी," हॉइट म्हणाला.

"ऐकणं म्हणजे अर्धं बोलणंच," असं म्हणून वर्लीननं तो न ऐकताच पुसून टाकला. मंगळवारी आलेले दोनही पुसले.

बुधवारी दुपारी जोनेल स्वतःच आली. गाडीवर बगळ्यांचा हिरवा झेंडा फडफडत होता. वर्लीन शनिवारच्या मेजवानीसाठी बार्बेक्यूचा सॉस उकळत होती. मैदानाबाहेर गाड्या लावून, शेगड्या पेटवून अख्खं गाव जेवतं, आणि तिच्या सॉसशिवाय कुणाचा घास उतरत नाही. हिरवा झेंडा दिसल्याबरोबर ती स्वयंपाकघराच्या कट्ट्यामागे फरशीवर आडवी झाली.

"वर्लीन! तुझी गाडी दिसतेय मला!" जोनेल दार ठोकत होती. "सामन्याचं काही नाही गं, शप्पथ! उघड ना!"

वर्लीननं श्वास रोखला. सॉसनं मात्र रोखला नाही. साखर करपायला लागली. गॅस बंद करायला उठावं तर खिडकीतून दिसणार. धूर वाढला, छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायला लागला, आणि बाहेरून जोनेलची किंकाळी आली, "अगं आई गं! आग!"

आगीचा बंब दोन वळणांवरच होता. बंबावरचा केल्व्हिन आणि त्याच्या दोन माणसांनी दार फोडलं, पातेलं अंगणात फेकलं आणि फरशीवर ताठ पडलेली वर्लीन शोधून काढली.

"वर्लीनबाई, ऐकू येतंय का? तुमचं नाव सांगा बघू."

वर्लीननं नुसतं बघितलं. त्याच्या खांद्यामागे जोनेल उभी होती.

"काहीतरी बोल ना गं!" जोनेल रडत म्हणाली.

वर्लीननं ओठ आणखी घट्ट मिटले.

"बरं, हे तरी सांगा," केल्व्हिन खाली वाकला. त्याच्या डोक्यावर किरमिजी टोपी होती. "शनिवारी कोण जिंकणार?"

असलं आधी बोलून दाखवलं की दृष्ट लागते, हे वर्लीनला लहानपणापासून ठाऊक होतं. ती गप्पच राहिली.

केल्व्हिनचा चेहरा उतरला. "यालासुद्धा उत्तर नाही. झटका मोठा दिसतोय. अँब्युलन्स बोलवा!"

अँब्युलन्समध्ये जोनेल तिचा हात धरून बसली. धाकटीचे हात म्हाताऱ्या बाईसारखे दिसायला लागलेत, हे वर्लीनच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

"सोमवारपासून सांगायचा प्रयत्न करतेय," जोनेल म्हणाली. "आता तुला कळतंय की नाही देव जाणे. आम्ही ऑरेगनला चाललोय गं, लेकीकडे. नाताळानंतर. घर विकलं. आमचा डब म्हणत होता, सामना होऊ दे, मग सांग. पण मला वाटलं, इथला शेवटचा सामना, एकदा तरी तुझ्या सोफ्यावर बसून बघू. मी किरमिजी काहीतरी घातलं असतं. निदान मोजे."

वर्लीनच्या डोळ्यांपुढे यंदाचे सगळे जिंकलेले सामने आले. एवढा जीव टाकला होता त्यांच्यावर, आणि आता ते कुठल्यातरी दुसऱ्या गावचे असल्यासारखे वाटायला लागले.

"ऑरेगनला?" ती म्हणाली. "इतक्या लांब?"

"बोलल्या!" अँब्युलन्सवाला ओरडला. जोनेल हसली, रडली, तिनं वर्लीनच्या कपाळाचा मुका घेतला. मग हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला.

"आत्ता बोललीस. मग मघाशी का नाही?"

वर्लीन छताकडे बघायला लागली.

"तू पडली होतीस, की लपली होतीस?"

"आठवडा..." वर्लीन पुटपुटली.

"माझ्यापासून? फरशीवर?" जोनेलनं हात सोडला आणि पुढच्या काचेवर टकटक केलं. "गाडी थांबवा. मला उतरायचंय."

"बाई, हायवे आहे हा."

मग हॉस्पिटल येईपर्यंत जोनेल पर्स मांडीवर घेऊन मागच्या दाराकडे तोंड करून बसली. डॉक्टरांनी नाना तपासण्या केल्या. वर्लीनला काहीही झालेलं नव्हतं.

गुरुवारी वर्लीननं आपण होऊन फोन केला. तो जोनेलच्या नवऱ्यानं, डबनं उचलला.

"ती इथंच बसलीये," डब कसानुसा म्हणाला. "म्हणते, सामन्याचा आठवडा आहे."

"अरे, मी मोडला तो नियम! सांग तिला."

पलीकडे कुजबुज झाली. "म्हणते, तू मोडलास, तिनं नाही. आणि रविवारचं नेहमीसारखंच. जिची टीम हरेल तिनं आधी फोन करायचा. जिची जिंकेल तिनं वाट बघायची."

"आणि बगळे हरले, अन् तिनं केलाच नाही तर?"

"त्याचं ती काही म्हणाली नाही, वर्लीन."

शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोघांनी हात जोडले. बाहेर रस्त्यावरून पोरं भोंगे वाजवत, किरमिजी झेंडे नाचवत चालली होती. हॉइटनं अन्नासाठी आभार मानले, धड उरलेल्या छपरासाठी मानले, आणि मग आवाज चढवून म्हणाला, "आणि प्रभू, उद्या आमच्या खेचरांना यश दे. आमेन."

टेबलाच्या पलीकडून आमेन आलं नाही. हॉइटनं एक डोळा उघडला. वर्लीनची मान खाली होती, डोळे गच्च मिटलेले, आणि ओठ भराभरा हलत होते.

"वर्लीन," तो घाबरून म्हणाला, "कुणासाठी मागतेयस?"

वर्लीननं डोळे उघडले, पुसले आणि बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

"जेव मुकाट्यानं," ती म्हणाली. "गार होतंय."