नाना 'नॉर्मल' म्हणत नसत

देवासला आमच्या शेजारी, काकू गेल्यापासून एकटेच राहणारे नाना 'नॉर्मल' हा शब्द कधी उच्चारत नसत. आणि जन्म गेला रक्त तपासण्यात! आधी कन्नौदला लॅबमध्ये नोकरी, रिटायर झाल्यावर गल्लीभर सुई घेऊन हिंडणं. रिपोर्ट कितीही सुरेख असो, चष्मा कपाळावर सारून माळवी थाटात म्हणायचे, "आज तरी बरा आहे, भिया." आता यावर माणसाने खुश व्हावं की मृत्युपत्र करायला घ्यावं?

उपाशीपोटी रक्त काढलं की लगेच पिशवीतून पोहे-जिलेबीचा पुडा काढायचा, ही त्यांची रीत. "खा! रक्त गेलं बाटलीत, आता कोण धरतंय तुला?" पुड्याबरोबर व्याख्यान फुकट. "चरबी एकटी बिचारी काय करणार? रक्तातले आपलेच शिपाई आपल्यावर उलटले की आत सूज येते, आणि मग ती चरबी नसेला चिकटून बसते. समझे?" समजायचं कुणाला! आम्ही वरून शेव मागायचो. अजून सकाळी पोह्यांचा वास आला की नानांची फार आठवण येते.

माझ्या बायकोला, मंदाला संधिवात. सकाळी बोटं आखडायची. नानांनी तिचं रक्त तपासलं. कोलेस्ट्रॉल झकास, पण सीआरपी, म्हणजे सुजेचा आकडा, भलताच वर.

"बोटांची सूज असेल," मी म्हटलं.

नानांचा चेहरा उतरला. "हिला हृदयाच्या डॉक्टरकडे ने."

"अहो, बोटं दुखताहेत तिची!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. चहा नको, पाणी नको. असा संताप आला मला! शेवटी कटकट मिटावी म्हणून मंदाला इंदूरला नेलं. हृदयाची एक नस बरीचशी बंद निघाली. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले.

उपचार झाले, सूज उतरली. नवा रिपोर्ट आणि गरम जिलेबी घेऊन मी नानांकडे धावलो. "आता तरी म्हणा, नॉर्मल!"

नानांनी चष्मा कपाळावर सारून कागद बाजूला ठेवला.

"एकदा म्हटलं होतं. आमच्या हिला, तुझ्या काकूला. तिलाही संधिवात. कोलेस्ट्रॉल बघून म्हटलं, सगळं नॉर्मल, सूज गुडघ्यांची आहे. खुश झाली. म्हणाली, मग जिलेबी आणा. मी म्हटलं, उद्या आणतो."

त्यांनी पुडा परत माझ्या हातात ठेवला.

"मंदाला दे. अर्धीच दे. पण आत्ता दे."